भयाची उसनवारी

गुहागरच्या व्याडेश्वराचे दर्शन आटोपून आमचे नऊ माणसांचे कुटुंब सुरूच्या बनातून पुळणीवर उतरले, तेव्हा साडेतीन वाजत आले होते. सतरंजी कोठे अंथरावी आणि फराळाचे डबे कोणाच्या ताब्यात द्यावेत याविषयी वडीलधाऱ्यांची मसलत चालू असता, आमची अडीच वर्षांची नात, जिने त्या दिवसापर्यंत बादलीहून मोठा जलाशय पाहिला नव्हता, ती माजघरातून स्वयंपाकघरात जावे तितक्या निःशंकपणे समुद्राकडे चालू लागली. घोट्याला पाणी लागताच ती हसली. एकदा मागे वळून तिने आईकडे पाहिले आणि आणखी चार पावले टाकली. पुढच्या लाटेने तिला बसकण मारायला लावली, नाकातोंडात खारे पाणी गेले, आणि मामाने बखोटीला धरून तिला उचलले. खोकला ओसरतो न ओसरतो तोच तिने फर्मान सोडले, "पुन्हा!"

"पोर धीट आहे हो," विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. मला मात्र धैर्य हा शब्द येथे योजणे प्रशस्त वाटत नाही. कारण भय ओळखून त्याला बाजूस सारणे हे धैर्य, आणि या बालिकेच्या दप्तरी समुद्राच्या नावे भयाची नोंदच झालेली नव्हती.

ही नोंद केव्हा होते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या कौशल्याने घेतला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनी एका उंच मेजावर जाड काच बसविली. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचे कापड होते, तर उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खूप खाली दिसत असल्यामुळे तेथे कडा तुटल्याचा भास होई. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार सहा ते चौदा महिन्यांच्या 36 बालकांपैकी 27 बालके मधल्या फळीवरून हलली, आणि त्यांतील केवळ तिघांनी त्या भासमान कड्यावर रांगण्याचे साहस केले. तेव्हा भय उपजतच असते असा निर्वाळा अनेकांनी देऊन टाकला. परंतु जोसेफ कँपोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी न रांगणारी, दोन महिन्यांची अर्भके त्याच खोल बाजूवर ठेवून पाहिली, तो त्यांच्या हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले. आणि ठोके असे मंदावणे हे लक्ष गुंतल्याचे लक्षण होय. अर्भकाला खोली दिसते, पण तिची धास्ती स्वतः हिंडूफिरू लागल्यावरच जडते.

याहून विलक्षण प्रयोग 1985 साली प्रसिद्ध झाला. कडा केवळ 30 सेंटिमीटरांचा, म्हणजे भ्यावे की भिऊ नये असा संशय उत्पन्न करणारा ठेवून, वर्षाच्या बालकांच्या आया पलीकडे उभ्या करण्यात आल्या. आईचा चेहरा हसरा दिसला तेव्हा 19 पैकी 14 बालके कडा ओलांडून गेली. तिच्या मुद्रेवर भय दिसले तेव्हा 17 पैकी एकही गेले नाही. आमच्या नातीने मागे वळून पाहिले, त्या क्षणी तिची आई थर्मासचे झाकण उघडता उघडता कोणाच्या तरी विनोदावर हसत होती. पोरीला तेवढी सनद पुरेशी होती!

समुद्राची अडचण अशी, की त्याचा कडा दिसत नाही. परतणारी लाट टाचेखालची वाळू उकरून नेते. आपण नकळत पाऊल बदलून तोल सावरतो, पण दोन वर्षांच्या मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे पंचमांश असल्याने ते तोंडावर पडते आणि उताराच्या वाळूवर त्याला चटकन उठता येत नाही. बुडणारे मूल ओरडते हा समजही खोटा. श्वासासाठी धडपडणाऱ्या तोंडातून हाक निघत नाही. जगात बुडण्याचे प्रमाण एक ते चार वर्षे या वयोगटात सर्वाधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

तरीही मुलाला पाण्याचा बागुलबुवा दाखवावा, या मताचा मी नाही. उसने दिलेले भय पुष्कळदा आयुष्यभर फिटत नाही. पोहता न येणारे आमच्यातले सहा प्रौढ त्याचा दाखला आहेत. मुलाच्या समुद्राकडील अंगाला, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, गप्पा न मारता उभे राहावे, एवढेच मी सुचवीन. दुरून "जाऊ नको" असे ओरडणे हा बंदोबस्त होत नाही, आणि मामाचे लक्ष भेळेकडे असेल तर मामाही उपयोगाचा नाही.

एक जुना हिशेब मात्र कोकणात पोरासोरांनाही पाठ असे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीचा सुमार कळतो: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आम्ही गेलो त्या दिवशी षष्ठी होती, म्हणजे भरती साडेचारला. आम्हा आठ शहाण्यांपैकी एकानेही तो हिशेब केला नव्हता, आणि चार वाजता आमच्या चपला पाण्यावर तरंगत होत्या.