सिरॅक्यूजहून: सातशे पानं आणि एक बायको

पुण्याहून दादाचा फोन आला की तिसऱ्या वाक्याला प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडच्या त्या बुकरवाल्या लेखकाने मास्तरकी कशाला केली रे?" अमेरिकेतला लेखक म्हटलं की त्याला समुद्रकाठचा बंगला आणि रॉयल्टीचे चेक दिसतात.

दादा, इथं समुद्र नाही. इथं बर्फ आहे, हिवाळ्यात शंभर इंचांच्या वर. जॉर्ज सॉन्डर्स हे खाणकामाच्या कॉलेजातून भूभौतिकी शिकलेले इंजिनिअर. सुमात्रात तेल शोधलं, छपरं शाकारली, कत्तलखान्यात कामाला होते. सिरॅक्यूजला लेखन शिकल्यावरही रॉचेस्टरच्या एका कंपनीत तांत्रिक अहवाल लिहीत बसले, आणि साहेबाची नजर चुकवून कथा. पहिला संग्रह १९९६चा, इथल्या विद्यापीठात मास्तरकी १९९७पासून. पहिल्या कादंबरीला बुकर मिळालं २०१७ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आपले कादंबरीकार श्री. ना. पेंडसे 'बेस्ट'मध्ये नोकरी करून लिहीत होते, त्यातलीच ही जात.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथल्या विद्यापीठात कथालेखन शिकायच्या सहा जागांसाठी सहा-सातशे अर्ज येतात. ज्यांना जागा मिळते त्यांना तीन वर्षं फी नाही, वर विद्यावेतन. आमचे कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला जन्मभर कॉलेजात शिकवत राहिले, पण इंग्रजी! कथा कशी लिहावी हे त्यांना पगार देऊन शिकवायला सांगावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे कार्यशाळा रविवारी असते. उपमा, तीन व्याख्यानं, प्रमाणपत्र, समूहछायाचित्र.

पण इथल्या न्हाव्याला मी सॉन्डर्स विचारले, तर त्याने बास्केटबॉल संघातली नावं आठवून पाहिली. दादाच्या न्हाव्याकडे निदान गेल्या वर्षीचा दिवाळी अंक तरी असतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. विद्यार्थीदशा संपल्यावर सॉन्डर्सनी मेक्सिकोतल्या एका लग्नावर सातशे पानांची कादंबरी लिहिली. बायको स्वतः लेखिका. तिने थोडी वाचली आणि डोकं धरून बसली. कादंबरी गेली बासनात. पुढे ऑफिसच्या कंटाळवाण्या बैठकीत त्यांनी गमतीची यमकं खरडली, ती घरी टेबलावर टाकली, आणि बायको वाचताना हसते आहे हे ऐकलं. तिथून त्यांना आपला सूर सापडला.

आपल्याकडे ती सातशे पानं पदरमोड करून छापली गेली असती. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं 'मी पुस्तक अजून वाचलेलं नाही, तरी' असं भाषण, आणि उरलेल्या प्रती पलंगाखाली.

गेल्या खेपेला दादाने माझ्या बॅगेत स्वतःच्या कादंबरीचं हस्तलिखित घातलं, लोणच्याच्या बरणीशेजारी. चारशे बारा पानं. 'तिकडे कुणाला तरी दाखव.' मी साठ वाचली आहेत.

वहिनी, हा अंक तुमच्याकडे येतो म्हणून इथेच विनंती करतो: उरलेली तुम्ही वाचा, आणि काय वाटलं ते त्याला तुम्हीच सांगा.