मॅजिक जॉन्सन आणि रोजची एक गोळी

७ नोव्हेंबर १९९१. लॉस एंजेलिसमध्ये पत्रकारांसमोर आलेल्या सहा फूट नऊ इंच उंचीच्या बास्केटबॉलपटूने सांगितले, की आपल्याला एचआयव्हीची बाधा झाली आहे आणि आपण आजपासून खेळातून निवृत्त होत आहोत. मॅजिक जॉन्सन तेव्हा ३२ वर्षांचा होता. हा आता फार दिवसांचा सोबती नाही, असेच अनेकांना वाटले.

इर्विन हे त्याचे मूळ नाव. वडील मोटार कारखान्यात कामगार. १९७९ मध्ये तो लेकर्स संघात आला आणि संघाला पाच अजिंक्यपदे मिळाली. असा धडधाकट माणूस आजारी असेल, असे कोणाच्या मनातही आले नसते. विम्यासाठी केलेल्या तपासणीतून बाधा उघड झाली. पत्नी गरोदर होती. सुदैवाने तिला आणि बाळालाही संसर्ग झाला नाही.

हा विषाणू शरीराचे संरक्षण करणाऱ्या सीडी४ पेशी हळूहळू संपवतो. त्याला अनेक वर्षे लागतात आणि तोवर माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून चेहरा पाहून निदान होत नाही, रक्त तपासावेच लागते.

१९९२ मध्ये जॉन्सनने बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. तरीही त्याच्यासोबत खेळायला काही खेळाडू कचरत होते. घामातून, हस्तांदोलनातून किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. पण भीतीला कोण समजावणार? १९९६ मध्ये तो परतला आणि ३२ सामने खेळला. त्याच सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचे उपचार आले आणि मृत्यू झपाट्याने घटले. जॉन्सनने साठी ओलांडली आहे. तो बरा झालेला नाही. विषाणू औषधांनी दाबून ठेवला आहे.

हा उपचार केवळ श्रीमंत खेळाडूंसाठी नाही. भारतात २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत तो मोफत मिळतो. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही.

अडचण येते ती खंड पडल्यावर. मासेमारीचा हंगाम सुरू झाला, की डहाणू-तलासरीतील अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. मधल्या काळात गोळ्या संपल्या, तर विषाणू पुन्हा उसळतो आणि काही वेळा त्याच औषधाला दाद देईनासा होतो. मग औषध बदलावे लागते.

म्हणून उपचार घेणाऱ्याने गाव सोडण्यापूर्वी केंद्रावर स्पष्ट सांगावे, ‘मी अमुक महिने बाहेर आहे.’ जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची सोय होऊ शकते. सोबत उपचाराचे कार्ड ठेवावे. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये.

गरोदर स्त्रियांनी पहिल्याच तपासणीत ही चाचणी करून घ्यावी. वेळीच उपचार मिळाले तर बहुतेक बाळे बाधेपासून वाचतात. क्षयरोगाच्या रुग्णांनीही ती टाळू नये. सरकारी केंद्रांत चाचणी मोफत होते व नाव गुप्त राखले जाते. शंका असल्यास १०९७ या क्रमांकावर विनाशुल्क विचारता येते.

जॉन्सनला त्याची बाधा विम्याच्या एका कागदामुळे कळली. आपण तशा योगायोगाची वाट पाहण्याचे कारण नाही.