अंगणातलं गॅरेज : लेखांक ९ – काळ्या मातीवरचा जॅक

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावात गाडी उचलायची म्हटलं की लोक आधी जॅक शोधतात. मी आधी जमीन बघतो. ही अक्कल उपजत नाही, आर्द्रातल्या एका सकाळी आलेली आहे. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, अंगण वरून खडखडीत. पुढचं चाक काढलं, पाना घ्यायला वळलो, तेवढ्यात जॅक हळूहळू कलला आणि गाडी बसली. काढलेलं चाक सवयीने दाराखालच्या पत्र्याखाली आडवं सरकवलं होतं, म्हणून गाडी त्या चाकावर थांबली. नाहीतर ब्रेकची डिस्क मातीत गेली असती, आणि माझा हात तिथे असता तर हातही.

काळी माती वरून वाळते, पण पोटात ओल धरून बसते. पेरणीसाठी आपण ज्या वाफशाची वाट बघतो, तोच वाफसा जॅकचा वैरी. थोडा हिशेब करू. स्विफ्टसारखी गाडी रिकामी असताना साधारण ९०० किलोची, आणि इंजिन पुढे असल्याने पुढच्या एका कोपऱ्यावर अडीचशे-तीनशे किलो येतात. गाडीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकचं बूड समजा ८ बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे १२० चौरस सेंटीमीटर. तीनशे किलो त्यावर आले की दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो. माणूस दोन पायांवर उभा राहतो तेव्हा हा आकडा पाव किलोच्या आसपास असतो. म्हणजे जॅक आपल्यापेक्षा दहापट जोराने जमिनीत घुसू पाहतो. त्याच्याखाली ३० बाय ४० सेंटीमीटरची, दोन इंच जाड फळी टाका. दाब पुन्हा माणसाच्या पावलाइतका होतो. फळी बारीक असेल तर वाकते आणि हिशेब फुकट जातो. बाभळीची किंवा सागाची जुनी फळी उत्तम. शहाबादी फरशी नको, खाली पोकळी राहिली तर ती मधोमध तुटते. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत. लाकूड फाटण्याआधी बहुधा कुरकुरतं, वीट सांगून फुटत नाही.

आता बुटक्या गाडीची अडचण. स्विफ्टचा तळ जमिनीपासून १६३ मिलीमीटरवर, आणि हा आकडा कंपनीचा, धडक्या चाकांवरचा. दाराखालची कड त्याहून थोडी वर असते, पण चाक पंक्चर होऊन बसलं की तीही खाली येते. बाटली जॅक पूर्ण दाबूनही बहुतेक १६ ते १८ सेंटीमीटर उंच, म्हणजे आत जाणारच नाही. मग काहीजण इंजिनाखालच्या चेंबरला जॅक लावतात. चेंबर म्हणजे तेलाचं भांडं. ते गाडीचं वजन पेलायला केलेलं नाही. जॅकची जागा दाराखालच्या दुहेरी पत्र्याच्या कडेला दोन खाचांच्या मधे असते. पुस्तिकेत चित्र असतं, ते बघा.

उपाय साधा आहे: गाडी उचलण्याआधी गाडीच उंचावर चढवा. दीड इंची दोन फळ्या एकावर एक, वरची थोडी आखूड, म्हणजे पायरी होते. चाक हळूच त्यावर चढवलं की सात-आठ सेंटीमीटर मिळतात. चाक पार बसलं असेल तर एकच फळी घ्या आणि फार तर हातभर पुढे जा.

ट्रॉली जॅक घेतला असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. म्हणून उचलताना जॅकची चाकं थोडी पुढे सरकावी लागतात. सिमेंटच्या कोब्यावर ती सरकतात. मातीत रुतली तर जॅक जागेवर आणि वाटी गाडीला ओढतेय, किंवा खाचेतून निसटतेय. कोबा नसेल तर मला कात्री जॅक आणि जाड फळी हीच जोडी बरी वाटते.

गाडी घसरू नये म्हणून हँडब्रेक ओढला की झालं, असा समज आहे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचं एक चाक उचललं की उरलं एकच. गिअर पुढच्या चाकांना धरतो म्हणावं, तर पुढचं एक चाक हवेत गेल्यावर डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. म्हणून पहिला गिअर, हँडब्रेक आणि समोरच्या बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड, हे तिन्ही हवेत. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे.

जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. बाटली जॅकच्या आत तेलाला अडवून धरते ती रबराची एक सील, आणि ती कधी दगा देईल ते बाहेरून कळत नाही. बैलगाडीचं चाक काढून आखाला वंगण घालताना जुनी माणसं टेकू दिल्याशिवाय हात घालत नसत. गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावा, गाडी त्यावर उतरवा, मग कमरेच्या जोराने ढकलून बघा. हलली तर हात घालू नका. शिवाय स्टेपनी पत्र्याखाली ठेवा. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरचा. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं. विलायतेत हा शब्द विरून गेला, आपल्या डिकीत मात्र टिकला.

चाक बसवताना नट आधी हाताने, नंतर समोरासमोरचे आळीपाळीने. पूर्ण आवळायचे ते चाक जमिनीला टेकल्यावर. हिंगोलीला जाऊन आलात की पाना पुन्हा एकदा लावून बघा. पुढच्या आठवड्यात याच चाकामागचे ब्रेक पॅड किती झिजलेत ते मोजू.