मुखवट्याशेजारचा चेहरा

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झालं, तेव्हा पाहुण्यांमध्ये वावरणारे मिकी-मिनी उसन्या पोशाखात होते. बर्फावर स्केटिंगचे खेळ करणाऱ्या 'आइस कपेड्स' या कंपनीकडून ते पोशाख आणले होते. आज डिस्नेच्या पार्कांमध्ये याच पात्रांबरोबर फोटो काढायला लांबच लांब रांगा लागतात. प्रत्यक्ष भेट मात्र मिनिट-दोन मिनिटांत आटोपते.

एवढ्या वेळात बहुतेक आईवडील एकच फोटो काढतात. मुलाला मिकीशेजारी उभं करायचं, 'इकडे बघ, हस' म्हणायचं आणि बटण दाबायचं. ज्याला भेटायला मूल इतका वेळ ताटकळलं, त्याच्याकडे ते फोटोत बघतही नाही.

मुखवट्याचं हसू ठरलेलं असतं. बदलतो तो मुलाचा चेहरा, आणि सर्वांत जास्त बदलतो तो पात्राकडे जाताना. आधी विश्वास बसत नाही, मग पाय अडखळतात, मग एकदम धाव. म्हणून नंबर येण्याआधीच कॅमेरा तयार हवा. बाजूला सरकून दोघांचेही चेहरे कडेने दिसतील अशी जागा धरावी आणि मूल निघाल्यापासून मिठी सुटेपर्यंत सलग फोटो घ्यावेत. कॅमेऱ्याकडे बघून काढायचा फोटो शेवटी काढला तरी चालतो.

राजकन्यांच्या वेषातले कलाकार मुलांशी गप्पा मारतात. पूर्ण मुखवटा घातलेली पात्रं सहसा बोलत नाहीत. त्यांचा सगळा अभिनय हातापायांत असतो. डोनाल्ड चिडून पाय आपटतो, मिकी लाजून तोंडावर हात नेतो. फोटोत हात कापले गेले, तर तो अभिनयच निघून जातो. चौकटीत हातमोज्यांपासून बुटांपर्यंत सगळं यायला हवं.

मिकीचे काळे कान आणि पांढरे हातमोजे कॅमेऱ्याला चकवतात. चौकटीत काळा रंग जास्त असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि हातमोजे पांढरेफटक पडतात. फोनवर हातमोज्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला, की त्यांवरच्या काळ्या रेषा पुन्हा दिसू लागतात. फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कांत भर दुपारच्या उन्हात टोपीखालचा चेहरा काळवंडतो. तिथे सावलीची जागा शोधावी किंवा दिवसाही फ्लॅश वापरावा. फार जवळून फोटो घेतल्यास मुखवट्याचं मोठं डोकं आणखी फुगलेलं दिसतं. दोन पावलं मागे जाऊन थोडा झूम केला आणि गुडघ्यावर बसून कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, तर मूल त्या डोक्यापुढे हरवत नाही. धावणाऱ्या मुलासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/२५० किंवा त्याहून जास्त ठेवावा.

लहान मुलं या अवाढव्य चेहऱ्यांना घाबरतात, हे अगदी स्वाभाविक आहे. रडणाऱ्या मुलाला पात्राच्या मांडीवर ढकलून काढलेला फोटो त्या मुलावर अन्याय करतो. लांबून हात हलवणाऱ्या मुलाचाही सुंदर फोटो होतो. करोनाच्या काळात पार्क पुन्हा उघडली, तेव्हा पात्रं लांबूनच भेटत होती. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत मिठ्या परतल्या त्या एप्रिल २०२२ मध्ये.

सेल्फी स्टिकला या पार्कांमध्ये २०१५ पासून बंदी आहे. तिची उणीव भासत नाही, कारण पात्राजवळ उभा असलेला कर्मचारी सांगितल्यावर आपल्याच फोनवर फोटो काढून देतो. पार्कचे स्वतःचे छायाचित्रकारही असतात. त्यांचे फोटो नंतर विकत घेता येतात. फोन आधीच कर्मचाऱ्याच्या हाती दिला, तर एरवी कॅमेऱ्यामागेच राहणारे आईबाबाही त्या मिठीत सामील होऊ शकतात.