हातातली कला कुठवर साथ देते?

"हातात कला आहे, उपाशी नाही मरणार," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. उपाशी नसेल मरत, पण पगार तेवढाच मिळतो का? अर्थशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला, तेव्हा मला आमचं वडगावच दिसायला लागलं.

गॅरी बेकर यांनी १९६४ साली कौशल्याचे दोन भाग सांगितले: कुठंही चालणारं आणि त्याच कारखान्यात चालणारं. नोकरी गेली की दुसऱ्याची किंमत शून्य होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कामगारांवर १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कपातीत सापडलेल्यांची कमाई कित्येक वर्षांनंतरही सुमारे २५ टक्के कमीच होती.

आता वडगाव, खासबागचे यंत्रमाग घ्या. माग बंद पडला, तर जॉबरचं तितकं अडत नाही. यंत्र खोलणं, दात्यांची चाकं बसवणं, आवाजावरून बिघाड ओळखणं हे उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्येही लागतं. विणकराचं तसं नाही. तुटलेला धागा नजरेनं पकडून क्षणात गाठ मारणं ही त्याची खरी कमाई; लेथवर तिला कोण विचारणार? निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांचं तर आणखी अवघड. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. वर्षानुवर्षं कमावलेला तो वेग दुसऱ्या कामात उपयोगी पडत नाही.

म्हणजे धंद्याचं नाव बघायचं नाही, रोजचं काम बघायचं: जुन्यातलं नव्यात किती उतरतं?

पण एवढ्यानं भागत नाही हं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले कितीतरी पुढं भिवंडीच्या यंत्रमागांवर राबले. काम विणकामाचंच, पण कमाई घटली. कारण गिरणीच्या पगारात महागाई भत्ता, फंड आणि युनियनचा जोरही होता. ते काही हातातून नेता येत नाही.

म्हणून "कुठलातरी कोर्स कर" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. ते घ्यावंच. मात्र घेण्याआधी उद्यमबागेत जाऊन विचारावं, हा कागद बघून तुम्ही रोज किती द्याल?