पुरावा मागणारी नातवंडे

आपल्या घरोघरची नातवंडे आता कॉलेजात जातात. पदवीच्या अभ्यासात त्यांना ‘सेमिनारिओन’ लिहावा लागतो, म्हणजे एका विषयाचा स्वतः शोध घेऊन लिहिलेला मोठा निबंध. काही मुले त्यासाठी आपल्या बेने इस्राएल समाजाचाच विषय घेतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मग ती आजी-आजोबांकडे येतात. आजोबा नवगावची हकीकत सांगतात. जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच मूठमाती दिली. नातू ऐकून घेतो आणि विचारतो, “सबा, हे कुठे लिहिले आहे?”

आजोबांना वाईट वाटते. आपल्या पिढीला या प्रश्नाचा जुना सल आहे. 1960 नंतरच्या वर्षांत लग्न लावण्यापूर्वी बेने इस्राएल वधू-वरांच्या मातृकुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे फर्मान येथील रब्बी-मंडळाने काढले होते. समाजाने निदर्शने केली आणि 17 ऑगस्ट 1964 रोजी क्नेसेतच्या खास बैठकीत, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे जाहीर करण्यात आले. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या कानाला ‘पुरावा दाखवा’ हे शब्द बोचणारच.

परंतु नातवाचा प्रश्न त्या जातीचा नाही. तेव्हा मागणाऱ्याला शंका होती. आज मागणाऱ्याला तुमचे म्हणणे निबंधात टिकवायचे आहे. कॉलेजात त्याला जे शिकवले जाते त्याला हिब्रूत ‘ओर्यानुत मेदा’ म्हणतात, मराठीत माहिती-साक्षरता म्हणू. अक्षरे वाचता येणे ही एक साक्षरता. वाचलेले कोणी लिहिले, कधी लिहिले आणि त्याला ते कसे कळले, हे तपासता येणे ही दुसरी. ही विद्या नेमकी काय आहे ते आम्ही येथे समजावून सांगतो, कारण ती कळली की आपण नातवंडांना पुष्कळ मदत करू शकतो.

पहिला धडा शोधशब्दांचा. ग्रंथालयाच्या सूचीत किंवा गूगलवर हिब्रूतून ‘बने यिस्राएल’ एवढेच लिहिले तर काय निघेल? तोरातील सगळे इस्राएलपुत्र, मिसरातून निघालेले लाखो लोक! आपला कोकणातला समाज त्या गर्दीत हरवून जातो. म्हणून ग्रंथपाल बाई, म्हणजे ‘सफ्रानित’, मुलांना शिकवतात की जोडीला दुसरा शब्द द्या: ‘होदू’ म्हणजे भारत, मुंबई, कुलाबा, कोकण, नाहीतर एखादे आडनाव. दोन्ही शब्द असलेलीच पुस्तके दाखव, यातला एक शब्द असलेली दाखव, अमुक शब्द असलेली वगळ, अशा तीन आज्ञा यंत्राला देता येतात.

येथे आपण मुलांच्या उपयोगी पडतो. आपली आडनावे गावांवरून आली हे त्यांना ठाऊक नसते. केहीमचे ते केहीमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर. पुढे इंग्रजीत ती नाना तऱ्हांनी लिहिली गेली, शेवटी ‘कार’ की ‘कर’ हेही ठरलेले नसे, आणि इस्राएलात आल्यावर कित्येकांनी हिब्रू आडनावे घेतली. कोकणात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत, हा शब्दही जुन्या इंग्रजी पुस्तकांत निरनिराळ्या स्पेलिंगांनी आढळतो. एवढी माहिती एका कागदावर लिहून दिली तरी मुलाचे कित्येक दिवसांचे काम वाचते.

दुसरा धडा साधनांचा. जे त्या काळच्या, पाहणाऱ्या किंवा करणाऱ्या माणसाने लिहिले ते प्राथमिक साधन. जे मागाहून कोणी अभ्यास करून लिहिले ते दुय्यम. दुय्यम म्हणजे कमी प्रतीचे नव्हे, एक पायरी दूरचे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा बेने इस्राएलांचा इंग्रजी इतिहास घ्या. तो तेल अवीवमध्ये 1937 साली छापला गेला, म्हणून विद्यार्थी त्यातील माहिती 1937 ची समजतात. वास्तविक केहीमकरांनी तो 1897 साली लिहिला होता, आणि छापील प्रत पाहायला ते हयात नव्हते. छपाईचे वर्ष आणि लेखनाचे वर्ष यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे.

आणखी गंमत अशी की हे एकच पुस्तक दोन्ही प्रकारांत मोडते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे लग्न कसे होई, सण कसे पाळत, हे केहीमकरांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या बाबतीत ते प्राथमिक साधन. पण आपले पूर्वज इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास निघाले असावेत, हा त्यांनी बांधलेला अंदाज. त्या बाबतीत केहीमकरसुद्धा आपल्यासारखेच दूरचे. विद्वान माणसाचा अंदाज म्हणून तो आदराने नोंदवावा, पण अंदाज असे लिहूनच नोंदवावा.

हाच नियम आजोबांच्या हकीकतीला लावून पाहा. नवगावला जहाज फुटले याचे आजोबा साक्षीदार नाहीत. पण आपल्या समाजाने ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, कोणत्या शब्दांत सांगितली, कोणत्या प्रसंगी सांगितली, याचे आजोबा पक्के साक्षीदार आहेत. मलिद्याच्या वेळी आजी एलियाहू हानाबीविषयी काय सांगत असे, याचा पुरावा कोणत्याही ग्रंथालयात मिळायचा नाही. तो तुमच्यापाशीच आहे. म्हणून “कुठे लिहिले आहे?” याला सरळ उत्तर द्यावे: “लिहिलेले नाही, माझ्या आजीने सांगितले.” कॉलेजाच्या नियमांप्रमाणे हाही संदर्भ देता येतो. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि मुलाखतीची तारीख तळटीपेत लिहिली की झाले.

तिसरा धडा बातमी आणि मूळ लेख यांतील फरकाचा. 2016 साली तेल अवीव आणि कॉर्नेल या विद्यापीठांतील संशोधकांचा बेने इस्राएलांच्या डीएनएवरचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ‘विज्ञानाने आपली गोष्ट सिद्ध केली’ असे बोलले जाते. मूळ लेखात काय आहे? आपल्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असा दोन्हींचा मोठा वाटा आहे, आणि हे मिश्रण सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाले असावे, असे त्यात म्हटले आहे. सात जोडप्यांविषयी किंवा नवगावच्या किनाऱ्याविषयी डीएनए काही सांगू शकत नाही. शिवाय पिढ्यांचा तो हिशेब मिश्रणाचा आहे. पूर्वज किनाऱ्याला कधी लागले, याचा तो हिशेब नव्हे. यहुदी पूर्वजांची गोष्ट लेखाने बळकट केली, हे खरे. जेवढे म्हटले आहे तेवढेच घ्यावे, ही शिस्त मुलांना शिकवतात, आणि आपल्याही फायद्याची आहे. जास्तीचे बोललो तर उद्या कोणी ते खोडून काढतो आणि खऱ्या भागावरही लोकांचा विश्वास उरत नाही.

चौथा धडा पडताळ्याचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला. इतिहासाचे पदवीधर पंडित, विद्यार्थी आणि वर्तमानपत्रांसाठी सत्यता तपासणारे व्यावसायिक, अशा तिघांना इंटरनेटवरची तीच पाने तपासायला दिली. पंडित आणि विद्यार्थी ते पानच बारकाईने वाचत बसले आणि पुष्कळदा फसले. तपासनीस मात्र पानावरून लगेच बाहेर पडून, हे पान चालवणारे लोक कोण, त्यांच्याविषयी इतर काय म्हणतात, हे आधी पाहत. आपल्याकडे सोयरीक जुळवताना असेच करीत. मुलाने स्वतःविषयी काय सांगितले यापेक्षा शेजारीपाजारी काय सांगतात, हे आधी विचारीत.

चॅटजीपीटीसारख्या यंत्रांमुळे हा पडताळा आता फारच गरजेचा झाला आहे. विचाराल त्याचे गोड भाषेत उत्तर येते, पण कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखकासह आणि वर्षासह, छातीठोकपणे दिले जाते. उपाय सोपा आहे. ते नाव ग्रंथालयाच्या सूचीत शोधावे, पुस्तक हातात घ्यावे, पान उघडून पाहावे. पाहिले नाही ते संदर्भात लिहू नये. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या ‘आपल्या समाजाच्या गौरवशाली इतिहासा’लाही हाच नियम आपण स्वतः लावावा, आणि मगच तो पुढे पाठवावा.

यरुशलायमचे राष्ट्रीय ग्रंथालय 2023 साली क्नेसेतसमोरच्या नव्या इमारतीत गेले. त्याच्या संकेतस्थळावर जुनी हिब्रू वर्तमानपत्रे घरबसल्या व फुकट वाचता येतात. 1964 सालचे ‘दावार’ किंवा ‘मआरीव’ काढून आपल्या लढ्याविषयी त्या त्या दिवशी काय छापले गेले, ते नातवंडाला दाखवावे. मात्र हिब्रू वर्तमानपत्रांत दुसऱ्यांनी आपल्याविषयी लिहिलेले असते. आपण आपल्याविषयी जे लिहिले ते बरेचसे मराठीत आहे: मुंबईची समाजाची जुनी मासिके, हाग्गादाची भाषांतरे, सिनेगॉगच्या पावत्या, घरची पत्रे. पुण्यात 1874 साली छापलेली मराठी-हिब्रू हाग्गादा आज ग्रंथालयांत जपून ठेवलेली आहे, परंतु तिच्यातील मराठी बाजू वाचणारा विद्यार्थी येथे विरळा. येथे जन्मलेल्या मुलांना देवनागरी येत नाही. जुन्या पावतीवरचा ‘१’ त्यांना इंग्रजी नवासारखा दिसतो आणि वर्षच बदलते. कागद जपून राहतील, पण वाचणारे आपण गेल्यावर ते मुके होतील. तेव्हा आपल्याला जमण्यासारखी कामे अशी:

हकीकत सांगताना कोणी, कुठे आणि केव्हा सांगितली, हेही सांगावे. ‘आमच्यात म्हणतात’ यापेक्षा ‘आत्याने पेणला सांगितले, तेव्हा मी दहा वर्षांची होते’ हे शंभर पटीने उपयोगाचे.

जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि वर्ष लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब आणि शाई पुढच्या बाजूला उमटते. वर्ष नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहावे.

केतुबा संदुकीतून काढून दाखवावी. तीत तारीख, गाव, वधू-वर आणि त्यांच्या वडिलांची नावे असतात, म्हणजे प्राथमिक साधनच. हिब्रू वर्षाचा मेळ घालून द्यावा. 5724 म्हणजे 1963 चा सप्टेंबर ते 1964 चा सप्टेंबर.

मराठी पत्र किंवा मासिक मोठ्याने वाचावे आणि मुलाला फोनवर ध्वनिमुद्रण करू द्यावे. मग दोघांनी मिळून हिब्रूत अर्थ लिहावा. एखादा शब्द आठवला नाही तर जागा मोकळी सोडावी, अंदाजाने भरू नये.

घर बदलताना मराठी कागद रद्दीत घालू नयेत. आधी ग्रंथालयाला विचारावे. येथील कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या व नियतकालिकाच्या दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला द्याव्या लागतात. पण भारतातून पेटीत घालून आणलेल्या कागदांना असा कोणताच कायदा नाही. ते आपण दिले तरच पोहोचतील.

सेमिनारिओनला मुदत असते आणि मुले बहुधा शेवटच्या महिन्यात धावत येतात. म्हणून आपणच त्यांना आधी बोलवावे. सुक्कोतच्या सुट्टीत दोन दुपारी पुरतात: एक फोटोंसाठी, एक कागदांसाठी.