श्रीरामपूरचा झहीर आणि जेलीच्या गोळ्या

आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान! २००६ मध्ये संघाबाहेर असताना तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळला. तिथे ड्यूक चेंडू हातात बसला, आणि मला वाटतं, खरा झहीर तिथेच घडला.

पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटी. झहीर फलंदाजीला आला तर खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकलेल्या! गडी असा तापला की बॅट रोखूनच इंग्लंडच्या पीटरसनला जाब विचारला. मग दुसऱ्या डावात ५ बळी, सामन्यात एकूण ९. सामना जिंकला, मालिकाही १-० अशी आपली.

९२ कसोटी, ३११ बळी. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन आफ्रिदीसह संयुक्त अव्वल. डावखुऱ्या भारतीय वेगवान गोलंदाजांत माझ्या लेखी पहिला नंबर झहीरचाच.